अंगणातली सव्वाशे फुटी डोलकाठी

तुमच्या मोबाइलमध्ये एफएम रेडिओ असेल तर एक गोष्ट करून बघा. इअरफोन न लावता तो सुरू करा. बहुतेक फोन आधी इअरफोन जोडायला सांगतील. वायरवाला हं, ब्लूटूथवाला चालणार नाही. का? कारण ती वायर नुसतं गाणं कानापर्यंत आणत नाही, तीच फोनची अँटेना असते. कानापासून खिशापर्यंत लोंबणारी मीटरभर तार शहराच्या टोकावरच्या मनोऱ्यातून निघालेल्या लहरी पकडते. बाहेर विजा कडाडत असल्या तरी गाणं स्वच्छ ऐकू येतं.

हे स्वच्छ ऐकू येणं आपण गृहीत धरतो. ते ज्याच्यामुळे शक्य झालं त्याचं नाव मात्र आपल्याला सहसा ठाऊक नसतं. आर्मस्ट्राँग म्हटलं की चंद्रावरचा नील आठवतो, जॅझ ऐकणाऱ्यांना लुई आठवतो. हा तिसरा. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. घरच्यांसाठी नुसता हॉवर्ड. त्याची गोष्ट सुरू होते घरामागच्या अंगणात उभ्या केलेल्या एका खांबापासून. तुम्ही आत्ता ज्या वयाचे आहात ना, साधारण त्याच वयात त्याने तो उभा केला होता.

माळ्यावरची खोली

हॉवर्डचा जन्म न्यूयॉर्कमधला, १८ डिसेंबर १८९०चा. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत होते, आई लग्नाआधी शिक्षिका. घर खाऊनपिऊन सुखी. पण आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला एक आजार झाला. त्यात हातापायांच्या हालचालींवरचा ताबा सुटतो. तो बरा झाला, पण खांदा आणि चेहरा मधूनच झटका बसल्यासारखा हलायचा, तो आयुष्यभर तसाच राहिला. ताण आला की जास्तच. शाळा दोन वर्षं सुटली आणि अभ्यास घरीच झाला. मुलगा अबोल झाला. चारचौघांत जायला नको वाटणं म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हा मुलगा लगेच ओळखू येईल.

मुलाला चांगली हवा मिळावी म्हणून १९०२ मध्ये आर्मस्ट्राँग कुटुंब न्यूयॉर्कच्या उत्तरेला याँकर्स या गावी राहायला गेलं. हडसन नदीच्या काठी, उतारावरचं मोठं घर. हॉवर्डने माळ्यावरची खोली पटकावली. वडिलांनी आणून दिलेली शोध आणि संशोधकांवरची पुस्तकं वाचता वाचता त्याला मार्कोनी भेटला. तारेशिवाय समुद्रापार संदेश पाठवणारा हा माणूस तेव्हा जगभर गाजत होता. तेरा-चौदा वर्षांच्या हॉवर्डने ठरवून टाकलं की आपणही संशोधक व्हायचं. मग माळ्यावरची खोली तारांच्या गुंडाळ्या, बॅटऱ्या आणि हेडफोन यांनी भरून गेली. रात्र रात्र तो तिथे कान लावून बसायचा. तेव्हाच्या रेडिओत गाणी नव्हती, बोलणं नव्हतं. होती फक्त दूरच्या जहाजांची आणि केंद्रांची कडकट्ट कडकट्ट, तीही इतकी क्षीण की श्वास रोखून ऐकावी लागायची.

आता प्रश्न असा की क्षीण आवाज मोठा कसा करायचा? त्या काळी आवाज वाढवणारं साधनच नव्हतं. हेडफोनमध्ये जे काही ऐकू येई ते सगळं अँटेनाने गोळा केलेल्या शक्तीवर. म्हणजे उपाय एकच, अँटेना मोठी करा, उंच करा. त्या वेळी वापरात असलेल्या लहरींची लांबी शेकडो मीटर, कधी हजारो मीटर असायची. त्यांच्यापुढे छपरावरची दहा-वीस फुटांची तार म्हणजे मोठ्या ओढ्यात चहाचा कप धरण्यासारखं. तार जितकी उंच आणि लांब, तितकं पाणी जास्त.

म्हणून १९१०च्या सुमारास हॉवर्डने घराजवळच्या मोकळ्या जागेत एक डोलकाठी उभी केली. उंची सुमारे १२५ फूट. आजच्या हिशेबाने बारा मजली इमारतीएवढी! ज्याने कधी छपरावर साधा दूरदर्शनचा अँटेना बसवला असेल, त्याला यातली मेख कळेल. एवढा उंच खांब नुसता पुरून उभा राहत नाही. वारा त्याला ढकलत असतो. त्याला वेगवेगळ्या उंचीवरून चहूबाजूंनी ताण द्यावे लागतात. एक ताण सैल आणि दुसरा घट्ट झाला तर खांब वाकतो. आणि वरची तार दुरुस्त करायला कुणीतरी वर जावंच लागतं.

वर जायची हॉवर्डला मुळीच भीती नव्हती. उलट हौस होती. त्याने कप्पी, दोर आणि बसायला एक फळी असा पाळणा केला. उंच इमारती रंगवणारे कामगार वापरतात ना, तसलाच. त्यात बसून तो स्वतःला दोराने ओढत वर न्यायचा. चारचौघांत बुजणारा हा मुलगा सव्वाशे फुटांवर निवांत असायचा. खाली शेजाऱ्यांचा मात्र जीव टांगणीला.

आवाजाला दिलेला झोका

१९०९ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगला गेला. हायस्कूल पास झाल्याबद्दल वडिलांनी लाल रंगाची इंडियन मोटरसायकल दिली होती, तिच्यावरून रोज याँकर्स ते कॉलेज अपडाउन. वर्गात तो सोपा विद्यार्थी नव्हता. पुस्तकात लिहिलंय म्हणून मान्य करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गणिताच्या सूत्रांपेक्षा मोजून पाहिलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास. काही प्राध्यापकांना तो आवडायचा, काहींना डोक्याला ताप वाटायचा.

त्या काळात ऑडिऑन नावाचा एक व्हॉल्व्ह बाजारात होता. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने तो बनवला होता, पण आतमध्ये नेमकं काय घडतं हे स्वतः डी फॉरेस्टलाही नीट सांगता येत नव्हतं. हॉवर्डने धीराने त्याची मोजमापं घेतली. १९१२च्या उन्हाळ्यात त्याला एक कल्पना सुचली. व्हॉल्व्हमधून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा थोडा भाग परत आत सोडला तर? झोक्यावर बसलेल्याला प्रत्येक फेरीला नेमक्या क्षणी हलकासा धक्का दिला की झोका कसा चढत जातो, तसा संदेश चढत जाईल.

त्याने जोडणी केली आणि माळ्यावरच्या खोलीत आवाज फुटला. हेडफोन टेबलावर ठेवला तरी ऐकू येईल एवढा मोठा! आनंदाच्या भरात त्याने मध्यरात्री बहिणीला झोपेतून उठवलं. काही महिन्यांतच अंगणातल्या त्याच डोलकाठीवर आयर्लंड आणि हवाईची केंद्रं ऐकू येऊ लागली.

आणखी एक गंमत त्याच्या लक्षात आली. परत सोडायचा भाग प्रमाणाबाहेर वाढवला की व्हॉल्व्ह स्वतःच लहरी निर्माण करू लागतो. गॅदरिंगमध्ये माइक स्पीकरसमोर गेला की कानठळ्या बसवणारी कूंऽऽ येते, तोच हा प्रकार. म्हणजे तीच जोडणी कमी प्रमाणात ग्राहक आणि जास्त प्रमाणात प्रेषक. कॉलेज संपण्याआधीच एका मुलाने रेडिओच्या दोन्ही बाजू बदलून टाकल्या होत्या.

पेटंट घ्यायला पैसे हवे होते. वडिलांनी सांगितलं, आधी डिग्री. हॉवर्डने लाडकी मोटरसायकल विकली, तरी पैसे पुरेनात. मग ३१ जानेवारी १९१३ रोजी त्याने जोडणीची आकृती काढून निदान नोटरीकडून तारखेचा शिक्का तरी घेतला. पेटंटचा अर्ज त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला. हे मधले नऊ महिने लक्षात ठेवा.

हौशी मंडळींचं गणित

पुढच्या हिवाळ्यात, जानेवारी १९१४च्या अखेरीस, न्यू जर्सीतल्या बेलमार इथल्या मार्कोनी कंपनीच्या केंद्रात एक थंडगार रात्र दोघा तरुणांनी एकत्र जागून काढली. एक हॉवर्ड, पेटीत लपवलेली आपली जोडणी घेऊन आलेला. दुसरा कंपनीचा डेव्हिड सारनॉफ. गरीब स्थलांतरित घरातला, शिपाईगिरीपासून वर चढलेला. पहाटेपर्यंत दूरदूरची केंद्रं ऐकून सारनॉफ थक्क झाला. दोघांची दोस्ती जमली. हा सारनॉफ पुढे आरसीए या बलाढ्य रेडिओ कंपनीचा प्रमुख होणार होता.

पहिल्या महायुद्धात हॉवर्ड सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये पॅरिसला गेला आणि मेजर होऊन परतला. तिथे १९१८ मध्ये त्याने दुसरा मोठा शोध लावला, सुपरहेटरोडाइन. नाव अवघड आहे, कल्पना सोपी. दोन तंबोरे किंचित वेगळ्या सुरात लागले की दोन्हींच्या स्वरांमधून एक संथ हेलकावा ऐकू येतो ना? तसंच येणाऱ्या लहरीत रेडिओने स्वतःची दुसरी लहर मिसळायची. दोघींच्या फरकाची तिसरी लहर मिळते. कुठलंही केंद्र लावा, हा फरक कायम एकच ठेवायचा, म्हणजे पुढची सगळी यंत्रणा एकाच लहरीसाठी नीट घडवता येते. पुढची कित्येक दशकं जगातला जवळजवळ प्रत्येक रेडिओ आणि टीव्ही याच पद्धतीने चालला.

आता तो नावाजलेला संशोधक होता, पण हौशी रेडिओवाल्यांचा कंपू त्याने सोडला नव्हता. अमेरिकेत १९१२च्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर हाकलून दिलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या मते या लहरी लांबच्या पल्ल्याला कुचकामी. घ्या आणि खेळत बसा, असा एकूण हिशेब. हौशी मंडळींनी तो हिशेबच तपासायचं ठरवलं.

डिसेंबर १९२१ मध्ये कनेक्टिकटमधल्या ग्रीनिच इथे एका मित्राच्या घराच्या आवारात आर्मस्ट्राँग आणि पाच दोस्तांनी मिळून केंद्र उभं केलं. वर पिंजऱ्यासारख्या गुंफलेल्या तारांची अँटेना. तिच्याखाली जमिनीपासून थोड्या उंचीवर, छत्रीच्या काड्यांसारखं चहूकडे पसरलेलं तारांचं जाळं. ते कशाला, तर खडकाळ किंवा कोरड्या जमिनीत वाया जाणारी शक्ती वाचावी म्हणून. घरी अँटेना उभारणारे आजही हाच धडा आधी शिकतात. वरच्या तारेइतकंच खालचं जाळं महत्त्वाचं.

समुद्रापार स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसन गावी पॉल गॉडली हा हौशी गडी शेतात तंबू ठोकून, पावसाचिखलात ऐकत बसला होता. त्याच्याकडे आर्मस्ट्राँगच्याच पद्धतीचा सुपरहेटरोडाइन रेडिओ होता आणि तंबूजवळून काही शे फूट लांब, आडवी गेलेली तार. ग्रीनिचचा संदेश त्याला स्पष्ट ऐकू आला. कुचकामी ठरवलेल्या लहरींनी अटलांटिक ओलांडला होता, तोही कुणाच्या तरी घरच्या आवारातून. यानंतर मोठ्या कंपन्या आखूड लहरींकडे धावत सुटल्या, हे सांगायला नकोच.

मनोरा, लग्न आणि एक पराभव

पेटंट विकून आर्मस्ट्राँग श्रीमंत झाला. १९२२च्या एका सौद्यात आरसीएने त्याला रोख रक्कम आणि इतके शेअर दिले की तो त्या कंपनीचा सर्वांत मोठा वैयक्तिक भागधारक झाला. सारनॉफच्या ऑफिसात जाता येता त्याला मॅरियन मॅकइनिस भेटली, सारनॉफची सेक्रेटरी. तो तिला आपल्या भारी युरोपियन गाडीतून फिरवू लागला.

इंप्रेशन मारायची त्याची तऱ्हा मात्र जुनीच होती. मे १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एओलियन हॉल या एकवीस मजली इमारतीवर आरसीएचा ११५ फुटी मनोरा उभा राहिला. आर्मस्ट्राँग त्याच्या शेंड्यावर चढला, अगदी टोकावरच्या गोळ्यावर, आणि फोटोही काढून घेतले. ते त्याने मॅरियनला पाठवले. ती घाबरली की खूश झाली कोण जाणे, सारनॉफ मात्र भडकला आणि त्याने मित्राला तिथे यायला बंदी केली. डिसेंबरमध्ये आर्मस्ट्राँग आणि मॅरियनचं लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून त्याने तिला स्वतः बनवलेला, हातात उचलून नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ दिला. हनिमूनला फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर दोघं तो घेऊन गेले.

सगळं छान चाललं होतं, एक गोष्ट सोडून. ते नऊ महिने आठवतात? ली डी फॉरेस्टने कोर्टात दावा लावला होता की संदेश परत आत सोडण्याची ती कल्पना मुळात आपली. खटला एका कोर्टातून दुसऱ्यात वीस वर्षं चालला. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शेवटचा निकाल डी फॉरेस्टच्या बाजूने दिला. इंजिनीअर मंडळींच्या मते तांत्रिकदृष्ट्या हा निकाल चुकीचा होता, पण कोर्टापुढे इलाज नव्हता.

याच शोधासाठी रेडिओ इंजिनीअरांच्या संस्थेने आर्मस्ट्राँगला पूर्वी आपलं पदक दिलं होतं. निकालानंतर तो संस्थेच्या अधिवेशनात गेला, पदक परत करायला. संस्थेने ते घेतलं नाही. भर सभेत सांगितलं की आमच्या लेखी हे तुमचंच आहे. सगळं सभागृह उभं राहिलं. कोर्टात हरलेला माणूस ज्यांना विषय कळतो त्यांच्यात जिंकला होता.

खरखर घालवायची जिद्द

खटल्याच्या त्या वर्षांत तो नुसता रडत बसला नव्हता. त्याच्या डोक्यात दुसराच किडा होता, खरखर. पावसाळी रात्री जुन्या रेडिओवर मीडियम वेव्ह लावून बघा, म्हणजे कळेल. वीज चमकली की कडकड, शेजारी मिक्सर लावला की घरघर.

असं का होतं? दूरच्या गडावरून कुणी दिव्याने खुणा करतोय असं समजा. तो दिवा कमीजास्त करून बोलत असेल तर मध्ये धुकं आलं की सगळा घोळ. प्रकाश त्याने कमी केला की धुक्याने, कळणार कसं? एएम रेडिओ असाच, लहरीची उंची कमीजास्त करून बोलतो आणि वीजही नेमकी उंचीतच ढवळाढवळ करते. पण त्याच माणसाने दिव्याचा रंग बदलून खुणा केल्या तर? धुक्याने प्रकाश मंदावेल, लालचा हिरवा थोडाच होईल! एफएममध्ये लहरीची उंची कायम ठेवतात आणि कंपनसंख्या बदलत नेतात. रेडिओ वरखाली झालेली उंची सरळ छाटून टाकतो. तिच्यासोबत खरखरही जाते.

कल्पना जुनी होती, पण तज्ज्ञांनी ती मोडीत काढली होती. १९२२ मध्ये जॉन कार्सन या नामांकित गणितज्ञाने दाखवून दिलं होतं की एफएमने काही फायदा होत नाही. त्याचं गणित चुकीचं नव्हतं. पण तेव्हा सगळे अरुंद पट्ट्याचा विचार करत होते. पट्टा अरुंद ठेवला की खरखर कमी आत येते, हे सर्वमान्य होतं. आर्मस्ट्राँगने उलटं केलं, पट्टा प्रचंड रुंद केला. आणि खरखर गेली. डिसेंबर १९३३ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

सारनॉफने खरखर घालवणारं एखादं यंत्र हवं अशी इच्छा त्याच्याकडे पूर्वी बोलून दाखवली होती. आता यंत्र समोर आलं तेव्हा मात्र तो विचारात पडला. हे एक यंत्र नव्हतं, सगळा रेडिओ नव्याने उभारायची पद्धत होती. १९३४च्या उन्हाळ्यात एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चाचण्या झाल्या, शंभरहून जास्त किलोमीटरवर आवाज लख्ख पोचला. पण आरसीएचा जीव टेलिव्हिजनमध्ये अडकला होता. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँगला सामान हलवायला सांगण्यात आलं.

मग काय करायचं? तो परत घराकडे वळला. याँकर्समध्ये त्याचा बालमित्र कार्मन रनियन राहायचा, हाही पक्का हौशी रेडिओवाला. त्याच्या घरी हौशी केंद्र होतं. दोघांनी तिथेच एफएमचं प्रेषण बसवलं. ५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये रेडिओ इंजिनीअरांच्या सभेत आर्मस्ट्राँग आपला निबंध वाचायला उभा राहिला. ऐन वेळी रनियनकडचा जनरेटर जळाला, म्हणून त्याला बोलणं लांबवत राहावं लागलं. व्हायवाला वेळकाढूपणा करतो ना आपण, तसाच. मग निरोप आला आणि ग्राहक यंत्र सुरू झालं. रनियनच्या घरात पेल्यात पाणी ओतलं गेलं, कागद फाडला गेला, घंटा वाजवली गेली. सभागृहात बसलेल्यांना हे सगळं शेजारच्या खोलीत चालल्यासारखं ऐकू आलं. मागे खरखर नाही. इतकी शांतता रेडिओतून त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. एफएमचं हे पहिलं जाहीर दर्शन एका मित्राच्या घरातून झालं.

कड्यावरचा मनोरा

कुणी बांधत नाही तर आपण बांधू, असं म्हणत त्याने आरसीएचेच शेअर विकले आणि हडसनच्या पलीकडच्या तीरावर, न्यू जर्सीतल्या अल्पाइन इथे मनोरा उभारला. उंची ४२५ फूट, तीन आडवे बाहू, खर्च तीन लाख डॉलरपेक्षा जास्त. जागा कड्याच्या माथ्यावर का? आता लहरी आखूड होत्या. त्या साधारण नजरेच्या रेषेतच जातात, डोंगर किंवा क्षितिज आडवं आलं की संपल्या. म्हणजे जितकं लांब दिसेल तितकं लांब ऐकू जाईल. पुण्यात टीव्हीचा मनोरा सिंहगडावर का, याचं उत्तरही हेच. बालपणी उंची हवी होती जास्त लहरी गोळा करायला, आता हवी होती लांबवर बघायला. १९३९ मध्ये हे केंद्र पूर्ण शक्तीने सुरू झालं. या मनोऱ्यावरही तो स्वतः चढायचा. वय पन्नाशीला टेकलेलं.

१९४० मध्ये सरकारने एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला. केंद्रं निघू लागली, लाखो रेडिओ विकले गेले. आरसीएने त्याला एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. त्याने नाकारले, कारण इतर लहान कंपन्या विक्रीवर हक्काची रक्कम देत होत्या आणि सर्वांत मोठ्या कंपनीला सूट का द्यायची? दुसऱ्या महायुद्धात त्याने आपली पेटंट सैन्याला मोफत वापरू दिली. रणगाड्यांतून, जीपमधून एफएम बोलू लागला.

युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, सरकारने एफएमचा पट्टा उचलून ८८ मेगाहर्ट्झच्या पुढे नेला. कारण दिलं सूर्यावरच्या डागांमुळे होणाऱ्या अडथळ्यांचं. परिणाम असा की तोवर विकलेला प्रत्येक एफएम रेडिओ आणि उभं केलेलं प्रत्येक केंद्र एका फटक्यात निकामी. शिवाय टेलिव्हिजनचा आवाज एफएमनेच जात होता आणि आरसीए त्याचे पैसे देत नव्हती. १९४८ मध्ये त्याने आरसीएवर दावा ठोकला. समोर वकिलांची फौज होती आणि तिला घाई नव्हती. पेटंटची मुदत संपत चालली होती. त्याचे पैसे वकिलांवर संपत चालले होते. मॅरियन तडजोड करायला सांगत होती. तो ऐकेना. १९५३च्या अखेरीस एका भांडणात त्याने तिच्यावर हात उगारला, तिला इजा झाली आणि ती बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४च्या रात्री, तिच्यासाठी पत्र लिहून ठेवून, त्याने आयुष्य संपवलं. वय ६३.

इथे थोडं थांबूया. हा माणूस बरोबर होता, हे नंतर सिद्ध झालं. त्याच वर्षाअखेर आरसीएने दहा लाख डॉलरहून थोडी जास्त रक्कम देऊन प्रकरण मिटवलं. बाकीच्या कंपन्यांशी मॅरियन एकटी लढत राहिली आणि १९६७ मध्ये शेवटचा खटलाही जिंकली. म्हणजे लढाई जिंकण्यासारखी होती, तो फक्त तिच्यात एकटा पडला होता. याँकर्समध्ये रनियन होता, ग्रीनिचमध्ये पाच दोस्त होते, पदक परत न घेणारं सभागृह होतं. शेवटी मात्र तो एकटा होता. आपण बरोबर आहोत एवढं जगायला पुरत नाही. डोकं गरगरायला लागलं की खालून दोर धरणारं कुणीतरी लागतं, आणि त्याला हाक आपणच मारावी लागते. तुमच्यावर अशी वेळ आली तर मारा. मित्राला, घरी, समुपदेशकाला, कुणालाही.

तुमची गच्ची

याँकर्सचं ते घर आज नाही. त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला होता, पण आग लागली आणि ते पाडलं गेलं. अल्पाइनचा मनोरा मात्र उभा आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळलं, त्यावरचे अँटेना गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही केंद्रांनी याच मनोऱ्याचा आसरा घेतला. आपल्याकडे एफएम आला १९७७ मध्ये, मद्रासला. खासगी केंद्रं आली २००१ मध्ये. आणि पट्टा तोच, ज्यावर त्याला ढकलून दिलं होतं. ८८ ते १०८.

हौशी रेडिओही संपलेला नाही. २००४च्या त्सुनामीत अंदमानशी संपर्क तुटला, तेव्हा तिथल्या बातम्या बाहेर पोचवल्या त्या हॅम मंडळींनीच. बारा वर्षांपुढच्या कुणालाही सरकारची परीक्षा देऊन हे लायसन्स काढता येतं. मग व्हीयूने सुरू होणारी तुमची स्वतःची खूण मिळते.

सव्वाशे फुटी खांब नको, सोसायटीचे सेक्रेटरी आधीच हार्ट पेशंट असतात. सुरुवात छोटी करा. रेडिओला बाहेरच्या अँटेनाची जोडणी असेल तर पाऊण-पाऊण मीटरचे तांब्याच्या तारेचे दोन तुकडे एका रेषेत ताणा, मधल्या टोकांना वायर जोडा. झाला एफएमचा अँटेना, कारण १०० मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरची आणि तिच्या निम्म्याला दीड. लायसन्स मिळाल्यावर १४ मेगाहर्ट्झसाठी हाच प्रकार दहा मीटरचा करायचा, पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत सहज मावतो. विजेच्या तारांपासून लांब, पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की जोडणी काढून ठेवायची, आणि गच्चीवर एकट्याने काम करायचं नाही. खाली एक मित्र हवाच.

मग तार एक फूट वर न्या, ऐका. दोन फूट बाजूला करा, परत ऐका. कुठे आवाज वाढला, कुठे पडला, वहीत लिहा. पुस्तकात काय लिहिलंय ते नंतर बघा. हॉवर्डने आयुष्यभर एवढंच केलं होतं.